दुधातली पिवळी पूड

आईचा डावा डोळा मी शाळेत जायला लागायच्या आधीच गेला होता. बुबुळावर फूल पडलं होतं आणि त्या डोळ्याला उजेड आणि सावली एवढाच फरक कळायचा. साठच्या दशकात, मी मॅट्रिकच्या वर्गात असताना, उजवा डोळाही लाल व्हायला लागला. हा गेला तर आई आंधळी होणार, हे न बोलताच सगळ्यांना कळत होतं.

डोळ्याच्या आधी चेहरा. गाल, नाक, हनुवटी वर्षानुवर्षं तांबडी. चुलीपुढून उठली, उन्हातून आली, गरम चहा प्यायली की ती लाली भडकायची आणि गालांवर बारीक पुटकुळ्या उठायच्या. पापण्यांच्या कडा सुजलेल्या, सकाळी चिपडांनी चिकटलेल्या, वरचेवर रांजणवाडी. डोळ्यांतून पाणी गळत असताना ती म्हणायची, "डोळे कोरडे पडलेत गं, आत वाळू आहे." मला ते पटायचं नाही. पाणी वाहणारा डोळा कोरडा कसा?

आमचं गाव तापीकाठी. घरात आम्ही गुजरी बोलायचो, गावात अहिराणी, आणि शाळेत ही मराठी. घरातलं बोलणं मी इथे मराठीतच लिहिते आहे. नदीवरच्या धुणेकरणींची थट्टा मात्र मला अहिराणीतच आठवते: "मालकीननं तोंड दखा, जशी भट्टीवरथीन उठी उनी." सगळ्या हसायच्या, कारण माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, गावोगाव दारूबंदीच्या सभा घेत फिरायचे. सभावाल्याची बायको हातभट्टीवरून उठून आल्यासारखी दिसते, याहून चांगली गंमत नदीवर कुठून मिळणार? आई पिळा झटकायची आणि म्हणायची, "पिऊन धुणं इतकं पांढरं निघत असेल तर तुम्हीही प्या बाई."

मी रडायचे, रागाने. आई नाही रडली. तिला रडणं परवडत नव्हतं, डोळे जास्तच चुरचुरायचे.

आप्पांच्या शेतात केळी आणि कापूस होता, पण त्यांचं मन होतं ते पत्रकांत. दारूबंदी, हुंडाबंदी, भूदान, जीवदया, साक्षरता. ज्या सभेला जातील तिथून छापील कागद घेऊन यायचे आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायचे. बाराखडी मी त्या ट्रंकेतूनच शिकले. माझ्या वयाच्या मुली ओव्या पाठ करायच्या, मी ठराव पाठ करायचे. अजूनही मला वाक्य सुचतं ते आधी मागणीच्या रूपात सुचतं.

घरावर सत्ता मात्र फुईची. फुई म्हणजे आप्पांची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन माहेरी परतलेली. देवघर आणि चूल दोन्ही तिच्या ताब्यात. तिने निदान केलं: उष्णता. मग डोळ्यांवर सायीच्या घड्या झाल्या, धण्याचं पाणी झालं, कोणाच्या तरी हातचं अंजन झालं. अंजनाने आई आठवडाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहिली. मी दाराबाहेर फेऱ्या मारायचे. पुस्तक हातात धरवत नव्हतं आणि खाली ठेवलं की करायला काही उरत नव्हतं. एका संध्याकाळी मी आप्पांना म्हटलं, "लोकांना शहाणं करत फिरता. आईला डॉक्टरकडे न्यायला कोणतं पत्रक लागेल?"

 दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी जुंपायला सांगितली.

नंदुरबारला आम्ही मिरचीच्या हंगामात पोचलो. गावाबाहेर मैलभर लाल मिरची वाळत पसरलेली, वारा आमच्याच दिशेने. गाडीवानाने मागे वळून सांगितलं, "वहिनी, डोया झाकी ल्या, मिरचीनं गाव उनं." आईने पदर ओढून घेतला आणि स्टेशन येईपर्यंत काढला नाही. तिथून सुरतेकडची गाडी, आणि नवापूरच्या बाजूला एक मिशनचा दवाखाना, जिथे एक डॉक्टरीणबाई डोळे चांगले बघते असं आप्पांच्या कानावर आलं होतं.

बाईंनी आधी डोळे नाही, गाल बघितले. मग पापणी उलटी करून बॅटरी मारली.

"हा चेहऱ्याचाच रोग आहे, डोळ्यांत उतरलाय," त्या म्हणाल्या. "पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. त्या तुंबल्या की अश्रूंवर तेलाचा थर राहत नाही. पाणी येतं आणि वाळून जातं. म्हणून वाळू टोचल्यासारखं वाटतं."

आईने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"या बुबुळाच्या कडेला पांढरा ठिपका दिसतोय. मध्ये सरकला तर याही डोळ्याचं डाव्यासारखं होईल." त्यांनी टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दिल्या. चेहऱ्याच्या या रोगाला त्या लागू पडतात, आणि डोळ्यांनाही त्यांचा उपयोग होतो असं अलीकडे वाचायला मिळतंय, असं म्हणाल्या. पुष्कळ दिवस घ्याव्या लागतील. जेवणाआधी, पाण्याबरोबर. शिवाय पापण्या गरम फडक्याने शेकायच्या.

"दुखतो डोळा, आणि औषध पोटाला?" आईने विचारलं.

"जाळ खाली असतो ना? भाकर वर भाजते."

आई पहिल्यांदा हसली. मला त्या बाई फार आवडल्या.

घरी आल्यावर आप्पांनी ट्रंक उघडली. जीवदयेच्या एका पत्रकात त्यांना आठवत होतं ते निघालं: औषधाची ही कवचं जनावरांची हाडं आणि कातडी उकळून काढलेल्या सरसाची असतात. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंडंसुद्धा आलं नव्हतं. फुईने ऐकलं आणि डबी हाताने नव्हे, चिमट्याने उचलून अंगणातल्या कोनाड्यात नेऊन ठेवली.

तोडगा आप्पांनीच काढला, आणि तो आम्हा सगळ्यांना शहाणपणाचा वाटला. कवच उघडायचं, आतली पिवळी पूड घ्यायची, कवच राखेत टाकायचं. पूड कडू आणि औषध गरम. गरम औषध आमच्याकडे दुधाशिवाय कोणी घेत नाही. गोठ्यात म्हशी होत्या. फुई स्वतः पेला भरून आणायची, वर साय राखून. तिचा जीव होता आईवर, ते मला तेव्हाही दिसत होतं. आप्पा पेल्यावर कॅप्सूल उघडायचे, दूध पिवळं व्हायचं, आई नाक दाबून पिऊन टाकायची. धर्म राहिला आणि औषधही झालं, असं समाधान घरभर पसरलं.

समाधान टिकलं नाही. हिवाळा गेला, गालांची आग तशीच. उजेड सहन होईना म्हणून आई दिवसा दार लावून घ्यायला लागली. मी रोज सकाळी तिची हनुवटी धरून बुबुळाकडे बघायचे आणि ठिपका कालच्यापेक्षा मोठा आहे की नाही, यावर स्वतःशीच भांडायचे. शेवटी तो मोठाच होता. अभ्यास होईना, झोप होईना. औषध बनावट आहे, डॉक्टर खोटे आहेत, गरिबांना फसवतात, असं मी घरभर बोलत सुटले. एक पत्रकही लिहायला घेतलं होतं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छापशील तेव्हा छाप. आधी मला पुन्हा घेऊन चल."

बाईंनी बॅटरी मारली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कॅप्सूल रोज गिळता ना?"

"गिळत नाही," आई म्हणाली. "फोडून दुधात घेते."

"दुधात? का?"

"गरम असतं ना औषध."

बाईंनी बॅटरी टेबलावर ठेवली. "दुधातला चुना, म्हणजे कॅल्शियम, या औषधाला धरून ठेवतो. रक्तात जाऊच देत नाही. एवढे दिवस तुम्ही औषध घेतलंच नाही असं समजा. पाण्याबरोबर घ्या म्हटलं होतं, पण दूध नको असं बजावायला हवं होतं मी."

आप्पा म्हणाले, "मग पूड पाण्यात घेऊ दे."

"घशाला व्रण पडतील. कवच त्यासाठीच असतं."

"ते कशाचं असतं, ठाऊक आहे तुम्हाला?"

"ठाऊक आहे."

"आणि तरी देता?"

"मी डोळा बघतेय, पाटील."

परतीच्या गाडीत आप्पा खिडकीकडे तोंड करून बसले. मी दोन्ही बाजूंनी पेटले होते. आईचा डोळा वाचायला हवा, आणि हाडांचा सरस आईच्या पोटात जाता कामा नये, या दोन्ही गोष्टी मला सारख्याच जोराने हव्या होत्या. दुसरा डॉक्टर शोधू, सुरतेला जाऊ, मुंबईच्या कारखान्याला लिहू की वनस्पतीचं कवच करा, असं मी बोलत राहिले. आईने डोळ्यांवर ओलं फडकं धरलं होतं. त्याच्या खालून ती म्हणाली, "साखर हाडांच्या कोळशाने पांढरी करतात, हे तूच वाचून दाखवलं होतंस ना?"

"हो."

"मग घरात चहा गोड कसा?"

"आजपासून सोडते साखर."

"सोड. तुझी साखर आहे, तू सोड. डोळा माझा आहे."

आप्पांनी मान वळवली नाही. "कारखाना लिहून उत्तर देईपर्यंत थांब तरी," एवढंच म्हणाले. मला वाटतं ते त्यांना स्वतःलाही पटलं नसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने सगळ्यांदेखत अंगणात उभं राहून कॅप्सूल जिभेवर ठेवली आणि तांब्याभर पाण्याबरोबर गिळली. लपून घेतली असती तर चाललं असतं, फुईनेही डोळेझाक केली असती. आईला लपवायचं नव्हतं.

फुईने त्याच दिवशी आपली चूल वेगळी मांडली. देवघरात आईला मज्जाव झाला, तिच्या हातचं पाणी बंद झालं. आप्पा दोन्हीकडे जेवायचे आणि दोन्हीकडे कमी जेवायचे. मी फुईशी भांडले, माणूसपणावर व्याख्यान दिलं. ती म्हणाली, "तू साखर सोडलीस तेव्हा मी बोलले का काही?" गुळाचा चहा पिताना त्या प्रश्नाचा अजून राग येतो. फुईला जुनाट म्हणून सोडून द्यावं तर ती नियम पाळत होती, माझ्यासारखाच.

गालांची लाली हळूहळू ओसरली. पुटकुळ्या बसल्या, पापण्या सकाळी चिकटेनाशा झाल्या. ठिपका पुसला गेला नाही, पण होता तिथेच थांबला, बुबुळाच्या कडेला. डावा डोळा परत आला नाही. बाईंनी कॅप्सूल कमी केल्या, बंद केल्या नाहीत. बंद केल्या की वाळू परत यायची.

उन्हाळा लागला होता. भर दुपारी आई ओट्यावर बसून कापसाच्या वाती वळत होती, डोक्यावर पदर नाही, फडकं नाही. अंगणाच्या पलीकडे फुई आपल्या चुलीशी, माझ्याशी बोलण्यात गुंतलेली.

"फुई," आईने बसल्या जागेवरून हाक दिली, "तुमची भाकर करपते आहे. डाव्या अंगाला."

फुईने तव्याकडे बघितलं. खरंच करपत होती. तिने ती उलटली आणि आईकडे वळली.

"तिथून दिसतं तुला?"

"दिसतं."

फुईने दुसरा गोळा हातावर घेतला. "मग बघ दुसरीकडे," ती म्हणाली. "माझ्या तव्याला नजर लावू नकोस."