रोबोच्या कपाळावरचं कुंकू

बेंबळीच्या दैवशालाला राग यायला वेळ लागत नाही, असं तिच्या सासरचे म्हणतात. साफ खोटं आहे. तिची लेक शिवप्रिया स्वमग्न. 'पोरगी येडी हाय' हे गावानं तोंडावर म्हटलेलं दैवशालानं वर्षानुवर्षं गिळलंय, आणि दर आठवड्याला एस.टी.नं लेकीला धाराशिवच्या विशेष मुलांच्या केंद्रात नेलंय.

त्या केंद्रात एक रोबो आला. गुडघ्याएवढा, पांढरा. पोर समोर दिसलं की हात वर करायचा आणि वाट बघत बसायचा. वैतागायचा नाही, हनुवटी धरून 'इकडं बघ' म्हणायचा नाही. कुणाच्या नजरेला नजर न देणाऱ्या शिवप्रियानं एक दिवस त्याला बघून हात वर केला. दैवशाला तोंडात पदर कोंबून रडली.

मग केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष अमरसिंह साहेब यांना अक्कल सुचली. पोरं मोडतील म्हणून रोबो त्यांच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात गेला. पोरांसाठी आणलेली वस्तू पोरांपासूनच जपायची! खंडेनवमीला संगणकाबरोबर त्याचीही पूजा झाली. साहेबांनी कपाळावर कुंकवाचं ठसठशीत बोट ओढलं.

"साहेब, तिथं त्याचा कॅमेरा आहे," शिक्षिका भैरवीबाई म्हणाल्या. दारात प्रसादाला थांबलेल्या दैवशालानंही ते ऐकलं.

"राहू द्या हो, शुभ असतं."

बाईंची नोकरी कंत्राटी. त्यांनी आरतीचं ताट उचललं.

पुढच्या आठवड्यात पाहुणे आले. स्टेज, शाली, नारळ, फोटोवाले. रोबो कपाटातून कुंकवासकट स्टेजवर आला आणि शिवप्रियाला त्याच्यासमोर उभं केलं. तिनं हात वर केला. रोबो ढिम्म. तिनं पुन्हा केला. मग तोच हात ती स्वतःच्या डोक्यात दाणदाण मारायला लागली.

"मुलगी जरा सहकार्य करत नाही," साहेब माईकवर हसत म्हणाले.

दैवशाला तरातरा स्टेजवर चढली. लेकीच्या डोक्यावर तिनं आपला तळवा धरला, मार त्यावर घेतला, आणि दुसऱ्या हातातल्या पदरानं रोबोचं कपाळ खसाखसा पुसलं.

"माझ्या लेकीनं दोनदा हात वर केला, साहेब! तुमी ह्याला आंधळा करून ठिवला, अन् नाव तिला ठिवता व्हय?"

कपाळ साफ झालं तसा रोबोनं हात वर केला. फोटोवाले पुढं सरसावले. शिवप्रियानं बघितलंच नाही. ती पाठ फिरवून भिंतीकडं तोंड करून बसली होती.

"झालं ना आता? उतरा खाली," साहेब म्हणाले.

"न्हाय झालं." दैवशालानं तिथंच मांडी घातली. "ती बघंस्तवर ह्यो हितंच ऱ्हाईल. अन् मी बी."