कड्याला लटकलेला काउबॉय

थंडगार एसीत बटाटेवड्यांचा वास आला की मला कॉन्डोच्या फंक्शन रूममधला तो काउबॉय आठवतो. गणपतीत एका काकांनी जुन्या मूकपट मालिकेचा एक भाग दाखवला आणि पडद्यावरच्या इंग्रजी पाट्या आज्यांना मराठीत सांगायला नेमकं मला, कुणाशीच न बोलणाऱ्या मुलीला, उभं केलं. मी कशीबशी पुटपुटत होते. शेवटी काउबॉय कड्याला लटकला, घोडा वरून बघत राहिला आणि दिवे लागले. “पुढचे भाग हरवलेत, जगात कुठेच नाहीत,” काका म्हणाले. इथे परदेशात, सेंगकांग भागात लेकीकडे आलेल्या एक आजी खुर्चीतून हलेनात. “परवा मी पुण्याला चालले. त्याला असाच लटकत ठेवून जाऊ?” त्यांचा आवाज खरंच कापत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, “घोड्यानं लगाम खाली सोडला, आजी. तो वर आला.” “मग?” “मग घरी जाऊन जेवला.” “काय जेवला?” “वरणभात.” सगळे हसले, पण आजी समाधानानं उठल्या आणि माझा नंबर घेऊन गेल्या. आता दर रविवारी मी त्यांना फोनवर पुढचं सांगते. ऑफिसात माझं तोंड अजूनही उघडत नाही, पण गेल्या रविवारी मीच त्याला पुन्हा कड्याला लटकवलं आणि फोन ठेवला. लगेच आजींचा उलटा फोन आला, “आधी त्याला वर काढ, मग जेवायला बस!”