बॅरोनेसची आई मिरजेची

बत्तीस वर्षांपूर्वी मिरजेच्या घरून निघताना आईने हातावर दही ठेवले आणि म्हणाली, "पोचल्याचं पत्र टाक. नाही टाकलंस, तर पोचलास असं समजेन." या सवलतीचा मी जो गैरफायदा घेतला, तो आज, छप्पन्नाव्या वर्षी, इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकमध्ये बसून संकोचाने मान्य करतो.

गेली दोन वर्षे दर रविवारी मी इथल्या एका जुन्या मॅनर हाउसमध्ये, म्हणजे आता लोकांना दाखवतात अशा जमीनदारी वाड्यात, व्हॉलंटियर गाइड होतो. माझ्याकडे एकच खोली होती. युवराजांच्या पत्नीची सखी म्हणून फार पूर्वी जर्मनीहून इंग्लंडच्या दरबारी आलेल्या एका बॅरोनेसची, म्हणजे सरदारघराण्यातल्या बाईची. हाती दिलेल्या कागदावर तिचे आयुष्य साडेतीन ओळींत संपे. आली, चाळीस वर्षे युवराज्ञींच्या खुर्चीमागे उभी राहिली, वारली. पाहुण्यांना एवढ्यावर परत पाठवणे मला असभ्य वाटे. म्हणून, "तिला घरची आठवण येत नसे का?" असे कुणी विचारले, की मी तिच्या आईचा निरोप ऐकवू लागलो. निरोप अर्थात माझ्याच आईचा. लोक डोळे पुसत, आणि त्यांना थांबवण्याइतका मी प्रामाणिक नव्हतो.

या उन्हाळ्यात आई आली. माझी लेक रेवा तिला माझ्याच टूरला घेऊन आली आणि माझे वाक्यन्‌वाक्य तिच्या कानात मराठीत सांगू लागली. बसण्यास सक्त मनाई असलेल्या खुर्चीवर आई बसली होती. निरोप ऐकताच ती उठली.

"म्हणजे हिचीही आई मिरजेची?"

"आजी, श्श! बाबाचा टूर चालू आहे."

"असू दे. अरे, मग टाकलं का हिनं पत्र?"

रेवाने प्रश्न सर्वांसाठी इंग्रजीत सांगितला. अठरा माणसे माझ्याकडे पाहू लागली. बॅरोनेसचे उत्तर कागदावर नव्हते. माझे मला ठाऊक होते.

"नाही," मी म्हणालो. "चार महिने एकही नाही."

"सात," आई म्हणाली.

रेवाने तेही सांगितले. एका वृद्ध बाईंनी वहीत चार खोडून सात लिहिले आणि हा तपशील कुठल्या दप्तरात मिळाला, असे आईला अदबीने विचारले.

"दप्तर कसलं? रोज पोस्टमनला विचारत होते मी."

हे वाक्य रेवाने इंग्रजीत केले नाही. ते मी केले, आणि ती आई कोणाची, हेही सांगितले.

आता मला कोट सांभाळण्याच्या खोलीत नेमले आहे. शिक्षा रास्तच आहे. जे माझ्यासारखे निघून आले आणि जे मागे राहिले, त्या सर्वांना एवढेच सांगतो. घर कुठे, असे हल्ली कुणी विचारले, तर मी गावाचे नाव घेत नाही. माझ्या चार महिन्यांना सात म्हणणारे माणूस जिथे आहे, ते माझे घर.