कुडाशी बांधलेला कुत्रा

गोचीड काढायची एक पद्धत असते. नुसती खेचली तर तिचं तोंड कातडीतच राहतं आणि तिथे पू धरतो. म्हणून अगदी मुळाशी धरायची, न चिरडता सरळ वर ओढायची आणि रॉकेलच्या डबीत टाकायची. हे सगळं मला येत होतं. मी अंगणवाडीत आयांना हात कसे धुवायचे ते शिकवणारी बाई. कुत्र्याच्या गोचिडी मला काय जड, असा माझा तोरा. त्या तोऱ्यापायी माझा कुत्रा गेला. त्याचं नाव इथे लिहीत नाही, लिहिलं की हाक मारल्यासारखं होतं.

आमचं घर डोळखांबच्या वरच्या अंगाला, पाड्याच्या तोंडाशी. पुढून विटांचं, पण मागची भिंत अजून कुडाची आहे, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधून वरून शेणमातीनं लिंपलेली. सासूबाई होत्या तोवर गोठ्यात गुरं होती आणि कुडावर दरवर्षी हात फिरत होता. मग नवरा मुरबाडला कारखान्यात लागला, गुरांचं बघायला कोणी उरलं नाही, आम्ही ती विकून टाकली. घरचं शेण गेलं. दुसऱ्याकडून पाटीभर मागून आणायचं माझ्या जिवावर यायचं. मागची भिंत कोण बघायला येतंय, असं म्हणत मी दोन वर्षं काढली. कुडाला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या.

कुत्रा तेव्हा मोकळाच असायचा. दिवसभर रानात, गावात, नाचणीच्या शेतात, आणि जेवायच्या वेळी बरोबर दारात हजर. पाऊस उघडल्यावर एकदा त्याच्या कानात चार-पाच गोचिडी सापडल्या. मी काढल्या आणि शहापूरहून मानेवर टाकायचं औषध आणलं. तिथले डॉक्टर एवढंच म्हणाले, "ताई, लक्ष ठेवा. गोचीड तापानं कुत्री जातात." बाकीचं सगळं माझ्या डोक्यातलं. पाड्यातल्या कुत्र्यांकडूनच हे लागत असणार, असं मी ठरवून टाकलं, बाजारातून साखळी आणली आणि मागच्या पडवीत कुडालगतच्या खांबाला त्याला बांधला. खाली गोणपाट घातलं. ना ऊन, ना पाऊस. आठवडाभर तो रडला. मग गप्प झाला. शिकला बिचारा, असं मी नवऱ्याला कौतुकानं सांगितलं.

भातकापणीला पाड्यातली एक काकी आमच्याकडे येते. तिनं त्याला बांधलेला बघितला आणि ती थांबली.

"बाय, कुतरा बांधलास कशाला गो? आमची कुतरी गाव फिरतात, चुलीच्या राखंत लोलतात. त्यांना नाय होत एवढं."

"म्हणूनच तुमच्या कुत्र्यांपासून लांब ठेवलाय, काकी," मी म्हटलं.

ती हसली. "तू शिकलेली," म्हणाली आणि विळा घेऊन शेतात गेली. मला तिचा राग आला होता. आज तो राग आठवला की मान खाली जाते.

गोचिडी वाढतच गेल्या. रोज संध्याकाळी डबी घेऊन बसायचं, बोटांच्या बेचक्यांतून, पापण्यांच्या कडेवरून, शेपटीखालून काढायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच. औषध झालं, पावडर झाली, कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळी झाल्या. मी औषधवाल्याला शिव्या घातल्या. एकदा कुत्र्यानं पाय मागे घेतला म्हणून त्याला चापट मारली. तो ओरडला नाही, तोच पाय त्यानं पुन्हा पुढे केला. त्या चापटीला माफी नाही, आणि मी ती मागतही नाही.

मग त्यानं खाणं सोडलं. सुक्या बोंबलाचं डोकं नाकाशी नेलं तरी तोंड फिरवायचा. एका सकाळी त्याच्या नाकातून रक्त आलं. नवरा रात्रपाळी करून नुकताच आला होता, तसाच उठला, शेजाऱ्याच्या टेम्पोतून आम्ही त्याला शहापूरला नेला. डॉक्टरांनी ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. त्यांनी इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं आणि मग विचारलं, "झोपतो कुठे हा?"

"बांधलेलाच असतो. बाहेर सोडतच नाही," मी तोंड वर करून सांगितलं.

"कुठे बांधता?"

"मागे. कुडाशी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पोट भरलं की गोचीड कुत्र्यावर राहत नाही, ताई. उतरते, भेगेत शिरते, तिथेच अंडी घालते. पिल्लं बाहेर आली की त्यांना समोर कुत्रा लागतो. हा मोकळा असता तर त्यांना एवढा मिळाला नसता."

घरी आल्यावर मी विळ्याचं टोक भेगेत घालून लिंपणाचा एक पोपडा उचकटला. आत मोहरी सांडावी तशा गोचिडी होत्या, काठीकाठीला. मी उकळतं पाणी ओतत सुटले. सगळा कूड ओला झाला, पडवीत चिखल झाला, तरी मी थांबेना. शेवटी नवऱ्यानं हातातून हंडा काढून घेतला. गोणपाट जाळलं. साखळी सोडली. कुत्र्याला उचलून पुढच्या अंगणात उन्हात ठेवला.

दुपारी तो उठला. पाय लटपटत होते, पण उठला. मला वाटलं, निघाला आता रस्त्याकडे. जीव हरखला माझा. तो हळूहळू घराला वळसा घालून मागे गेला आणि त्या खांबाशी, उघड्या ओल्या जमिनीवर, कुडाला पाठ लावून बसला.

मी त्याला उचलून पुढे आणलं. तो पुन्हा गेला. दिवसातून किती वेळा आणलं, काय काय दाखवून बोलावलं. प्रत्येक वेळी माझा हात चाटायचा, आणि मी वळले की मागे जायचा. मला तेच आवडतं, असं समजून.

चौथ्या दिवशी सकाळी त्याचा जीव तिथेच गेला. गळ्यात साखळी नव्हती. मी बसवला होता तिथेच, शहाण्यासारखा.