अण्णांनी दिलेले शब्द

निघताना अण्णा रिक्षापर्यंत आले नाहीत. नाशिकच्या घराच्या फाटकाशीच थांबून म्हणाले, “जा. ऑफिस बुडवू नकोस.” आईचं वर्षश्राद्ध उरकून मी नेदरलंड्समधल्या बेस्ट या गावी परतलो आणि महिन्याभरात कोरोनामुळे विमानं बंद झाली. म्हातारे वडील तिथे एकटे, मी इथे एकटा.

रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. तब्येत विचारली की अण्णा विषय बदलत. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या माणसाला अचानक युरोपातल्या शब्दांचा नाद लागला. पहिला शब्द त्यांनी दिला आर-ओ-के, रोक. डचमध्ये स्कर्ट, मी सांगितलं. “आणि पोलिशमध्ये? डिक्शनरी बघायची नाही. माणसाला विचारायचं.” टीममधल्या पोलिश इंजिनिअरला मीटिंगनंतर थांबवून विचारलं. वर्ष, तो म्हणाला. समोरच्या बाल्कनीतली क्रोएशियन बाई म्हणाली, मुदत. पुढे गिफ्ट आला: इंग्रजांची भेट, जर्मनांचं विष, स्वीडनमध्ये चक्क विवाहित. अण्णा खूश होत. मला मात्र संशय येई. कॅमेरा कायम कपाळावर, मध्येच आवाज बंद. खोकत असतील? सोडून आलेल्या मुलाला खरं कशाला सांगतील?

शेवटी शेजारच्या वैद्यकाकूंना गुपचूप फोन केला. काकू म्हणाल्या, अण्णा ठणठणीत आहेत, कुंपणापलीकडून रोज त्यांच्या भाजीला नावं ठेवतात. उलट माझंच काय बिघडलंय, असं अण्णाच काकूंना विचारतात. शाळेत एखादा घुमा मुलगा आला की अण्णा त्याला असा गृहपाठ देत, की चार घरी विचारत फिरल्याशिवाय तो पुरा होऊ नये.

“तुला तोच दिलाय,” काकू म्हणाल्या. “आणि मी सांगितलं म्हणून बोलू नकोस हं.”

इथे पुष्कळ मित्र आहेत, असं मी अण्णांना सांगत आलो होतो. खरं तर त्या शब्दांआधी कामाव्यतिरिक्त कुणाशी अख्ख्या आठवड्यात बोलणं होत नसे.

त्या संध्याकाळी नवा शब्द घेऊन मी खालच्या मजल्यावरची बेल वाजवली. डच आजोबा दीड मीटर मागे सरकून दारातच बोलत राहिले.

अण्णांना मी काही कळू दिलं नाही. पण काकूंवरही माझा पुरता भरवसा नाही. त्यांना अण्णांनीच पढवलं असेल. मी बरा आहे म्हणतो, तेव्हा अण्णाही स्क्रीनच्या जवळ येऊन माझा चेहरा तपासतात. एकमेकांच्या ‘बरा आहे’वर आम्हा दोघांचाही विश्वास नाही, म्हणून रोज पुन्हा विचारतो. माझ्यासाठी आता घर उरलंय ते एवढंच, आणि ते मला पुरतं.