भुताच्या पिक्चरसाठी हंडा मोर्चा

आमचे मामा निलंग्याच्या टॉकीजमध्ये डोअरकीपर होते. टॉकीज बंद पडून जमाना झाला, तिथं आता मंगल कार्यालय आहे, पण मामांच्या बोलण्यातून ती काही जात नाही. त्यातही भुताच्या पिक्चरवर त्यांचा भारी जीव. एकेक पिक्चर त्यांनी उभ्यानं पन्नासदा तरी बघितला असेल. शेवट मात्र एकाचाही बघितलेला नाही! दहा मिनिटं उरली की डोअरकीपरनं बाहेर जायचं, कड्या काढायच्या आणि गेट उघडून उभं राहायचं. आत भुताचा निकाल लागायचा, बाहेर मामा कुलपं काढत असायचे. बाहेर पडणाऱ्यांना विचारावं, तर लोक मुद्दाम खोटे शेवट सांगायचे. विहिरीवरच्या बाईच्या पिक्चरला एक म्हणायचा ती खरंच भूत होती, दुसरा म्हणायचा वाड्यातला दिवाणजीच साडी नेसून फिरत होता. मामा वरवर हसायचे, पण त्यांच्या मनाला लागायचं ते.

गेल्या वर्षी त्यांना घेऊन मी लातूरला डोळ्याच्या डॉक्टरकडं गेले. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब टाकून जपायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. परतीच्या एसटीत मामा औशापर्यंत थेंबांची बाटली फिरवून फिरवून बघत होते. मग एकदम म्हणाले, "पोरी, ती विहिरीवरची बाई हाय ना, तिचं शेवटी काय व्हतंय, तेवढं बघून घ्यायचं हाय. मग डोळे गेले तर जाऊ दे."

मला रडू आलं आणि रागही आला. डोळे जायची वेळ आली आणि या माणसाला भुताची काळजी!

पण मी हट्टी. अडतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं वठणीवर आणली, एक पिक्चर काय अवघड? मोबाइलवर लावून दिला. मामा म्हणाले, "हे भूत हाय का मुंगी?" म्हणून लेकाला सांगून टीव्हीला जोडून घेतला, तर इंटरनेटवरच्या पिक्चरचा शेवटच गायब. कुण्या मेल्यानं अर्धाच चढवून ठेवला होता. मामा उठून अंगणात गेले. मी त्या टीव्हीला काय काय बोलले, ते इथं लिहिता येत नाही.

मग आठवलं, आमच्या केबलवाल्याच्या लोकल चॅनेलवर पूर्वी रविवारी दुपारी हे सगळे पिक्चर पुरे लागायचे. तेव्हा मामा टॉकीजवर ड्युटीला असत. आता त्या चॅनेलवर नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि लातूरच्या क्लासेसच्या जाहिराती, दुसरं काही नाही. केबलवाला माझाच विद्यार्थी. गेले त्याच्याकडं. म्हणाला, "बाई, त्या सीड्या वर माळ्यावर पोत्यात पडल्यात. एका माणसासाठी कोण पोती उपसत बसतंय? शंभर जणांनी मागा, लावतो."

"लावतो म्हणालास बरं का," म्हटलं आणि निघाले.

टॉकीजच्या जुन्या गिऱ्हाइकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. बघता बघता माणसं गोळा झाली. जळकोटचे एक रिटायर झालेले एसटी ड्रायव्हर आले. धर्माबादचा एक मिरचीचा आडत्याही आला. आमची केबल त्याच्या गावात दिसत नाही, पण उत्साह सगळ्यांत जास्त त्याचाच. रोज सकाळी सुप्रभातच्या जागी कवटी पाठवायचा. मागणी ठरली: दर रविवारी दुपारी एक जुना भुताचा पिक्चर, शेवटासकट.

आता आमच्याकडं मागणी म्हटलं की निवेदन आलंच. तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्याकडं गेले. त्याच्या कॉम्प्युटरवर आमच्या वॉर्डाच्या पाण्याचं जुनं निवेदन तयार होतं. म्हणाला, मजकूर बदलून देतो, पाच मिनिटांचं काम. मी वरच्या चार ओळी वाचल्या, मान हलवली आणि प्रिंट घेतली. वॉर्डातल्या बायांच्या सह्या घेतल्या, ग्रुपवाल्यांच्या घेतल्या, शंभराच्या वर झाल्या. केबलवाल्याच्या टेबलावर नेऊन आपटलं. पोरांना आयुष्यभर सांगत आले, पेपर शेवटपर्यंत वाचा. स्वतः मात्र वाचला नाही!

नवव्या दिवशी सकाळी दारात शेजारीण उभी. कमरेला रिकामा हंडा.

"बाई, चला की. समद्या निघाल्या."

"कुठं गं?"

"केबलवर. तुम्हीच लिहिलं न्हाई का? आठ दिवसांत मागणी मान्य न झाल्यास हंडा मोर्चा."

घरातली प्रत काढून बघितली. पाण्याच्या निवेदनाची शेवटची ओळ तशीच राहिली होती. 'होणाऱ्या परिणामास आपण जबाबदार राहाल' हेसुद्धा. बायांनी सही केली होती, आणि सही केली म्हणजे जायचं, एवढंच त्यांना ठाऊक. आता मागं कशी फिरणार? मीही हंडा उचलला.

वीस-पंचवीस बाया हंडे बडवत केबलच्या ऑफिसपुढं. केबलवाला धावत बाहेर आला, त्याचा चेहरा चौथीत पाढे चुकल्यावर व्हायचा तसाच. "बाई! मी पिक्चर दावतो, पाणी नगरपालिका सोडती!"

"मग पिक्चरच सोड की!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि हसून हसून मोर्चाच खाली बसला.

बिचाऱ्यानं पोती खाली काढली. बाया तूर निवडायला बसाव्यात तशा सीड्या निवडायला बसल्या, भुताची सापडली की हंड्यात टाकायची. त्यानं सगळ्यांना चहा पाजला. विहिरीवाली तिसऱ्या पोत्यात सापडली तेव्हा मी त्या धुळीच्या सीडीला चक्क पदरानं पुसलं.

रविवारी दुपारी मामांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. धर्माबादवाला मिरचीची पिशवी घेऊन हजर. मामा टीव्हीपुढं हातभर अंतरावर खुर्चीत. प्रिंट एवढी काळपट, की चांगल्या डोळ्यांच्या आम्हालाच काही दिसेना. मामाच आधी सांगायचे, "आता मांजर येतंय. आता दिवा विझतोय. आता वरडा!" आणि आम्ही ओरडायचो.

शेवटची दहा मिनिटं उरली आणि मामा उठले. सवयीनं दाराकडं निघाले हो!

"मामा, बसा खाली! आज कुणाला बाहेर सोडायचं नाहीये!" मी असं खेकसले, की पहिल्या रांगेतल्या दोघी दचकल्या. मामा ओशाळून हसले आणि बसले. मी त्यांचा हात धरून ठेवला.

विहिरीवरची बाई भूत नव्हतीच. दिवाणजीच्या भीतीनं लपून राहिलेली होती. दिवाणजी धरला जातो, उजाडतं, आणि ती पदर मागं सारून भर उन्हात गावातून चालत घरी येते. संपलं.

"जित्ती हाय की गं ती!" मामा मोठ्यानं ओरडले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसत होते. खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी हळूच विचारलं, "मामा, दिसलं का नीट?"

"अंधारातलं कायबी न्हाई दिसलं. ते मला पाठच हाय," ते म्हणाले. "पर शेवटाला ऊन पडतंय ना, ते समदं लख्ख दिसलं. मला इतके दिस वाटायचं पोरी, शेवटबी अंधारातच असंल."