कुर्लेबुवाचं तोंड

लहू घाडीच्या अंगाचा तिळपापड झाला तो टीव्हीवरच्या एका खेकड्यामुळे. हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं. काळाचौकीच्या चाळीत लहू आपल्या खोलीत जेवायला बसला होता. समोर त्याचीच कार्टून मालिका लागली होती आणि त्याच्या खेकड्याच्या तोंडून भलताच कोणीतरी बोलत होता. गोड, गुळगुळीत, इस्त्री केलेला आवाज. खेकडा म्हणाला, "चला मुलांनो, आपण नव्या घरी जाऊया." लहूनं समोरचं ताट भिंतीवर मारलं. आमटी कॅलेंडरवर उडाली.

"ह्यो आवाज कोणाचो?" त्यानं बायकोला विचारलं.

"माका कित्याक विचारतास?" गुणवंती म्हणाली आणि फडकं आणायला उठली.

आता हा राग एका आवाजाचा होता असं कोणाला वाटेल, तर तसं नाही. तो बराच जुना होता.

लहू परळच्या गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा. साचेखात्यात एकदा का सगळे माग सुरू झाले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे. म्हणून साचेवाले ओरडायच्या भानगडीत पडतच नसत. आवाज न काढता तोंड मोठं करून, ओठ ताणून बोलायचं, जोडीला बोटांच्या खुणा करायच्या, आणि समोरच्यानं ओठ वाचायचे. अशाच बोलण्यात थट्टामस्करी व्हायची, लग्नं ठरायची, जॉबरच्या, म्हणजे खात्याच्या मुकादमाच्या, सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, तोही जॉबरच्या डोळ्यांदेखत.

लहूच्या समोरच्या मागावर रघू होता. एकाच गावचे, एकाच खोलीत वाढलेले. एकदा जॉबरनं रघूला त्याच्या मागावरून हटवून तिथे आपला माणूस उभा करायचा घाट घातला. रघू मागाशेजारी फतकल मारून बसला. दोन्ही हातांच्या बोटांचे खेकड्यासारखे आकडे केले आणि लहूकडे बघत तोंड फाडून, आवाज न काढता म्हणाला, "मी हयसून हलूचंय नाय." सगळं खातं हसलं आणि जॉबरला काही कळलंच नाही. तेव्हापासून ते 'इथून हलणार नाही' रघूचं वाक्य झालं.

मग संप आला. तो कसा आला आणि कसा संपलाच नाही, हे लालबाग-परळला सांगायची गरज नाही. चाळीच्या चाळी गावाला गेल्या. रघूची बायको शेवंती त्याला म्हणायची, आपणही जाऊ, निदान भात तरी मिळेल. रघू आकडे करून तेच वाक्य म्हणायचा. संपाच्या दुसऱ्या पावसाळ्यात तो कावीळ होऊन गेला. शेवटी शेवटी आवाज पार गेला होता, पण शेवंतीला त्याची अडचण नव्हती. दहा बाय बाराच्या खोलीत, सासूसासरे नि दीर झोपलेले असताना, त्या दोघांनी भांडणं आणि प्रेम दोन्ही आवाज न काढताच केलं होतं. तिला त्याचे ओठ वाचता येत होते.

रघूला गिरणीनं मारलं, असं लहू म्हणायचा. त्यात काय खोटं होतं?

पुढे लहूनं मिळेल ते काम केलं आणि बऱ्याच वर्षांनी दादरला हेरंब नावाच्या तरुणाकडे शिपाई म्हणून लागला. हेरंब कार्टूनं बनवायचा. खासगी वाहिन्यांचं तेव्हा नुकतंच पीक आलं होतं, आणि त्यातल्या एकीला मुलांसाठी विनोदी मालिका हवी होती. बंद गिरणीच्या तळ्यात राहणारा म्हातारा खेकडा, कुर्लेबुवा. दर भागात कोणीतरी तळं बुजवायला येणार आणि कुर्लेबुवा त्याची खोड मोडणार. खेकडा कसा बोलेल, हे काही हेरंबला सुचेना. एक दिवस त्यानं पाहिलं, लहू खिडकीत उभा राहून रस्त्यापलीकडच्या पानवाल्याशी, म्हणजे जुन्या साचेवाल्याशी, गप्पा मारतोय. पाच मिनिटं. आवाज शून्य. दोघं पोट धरून हसतायत.

"काका, उद्यापासून चहा दुसरं कोणीतरी आणेल," हेरंब म्हणाला.

आवाज भरायचा पहिला दिवस सगळ्यांच्या लक्षात राहिला. लहूनं काचेच्या खोलीत उभं राहून जीव तोडून काम केलं, हातवारे केले, डोळे फिरवले, आणि बाहेर बसलेल्या माणसाच्या टेपवर एक अक्षर उमटलं नाही. ऐन मोक्याला लहूच्या गळ्यातून आवाज येतच नसे, इतकी वर्षं त्याला तशीच सवय. हेरंब हसून हसून खाली बसला. मग त्यानं कागद-पेन्सिल घेतली आणि लहूचं ते ताणलेलं तोंड काढायला लागला. कुर्लेबुवाला तोंड मिळालं ते असं. आवाज नंतर आला, मालवणी, खरखरीत. आणि दर भागाच्या शेवटी तळ्याच्या काठावर चढून, आकडे वर करून कुर्लेबुवा म्हणायचा, "मी हयसून हलूचंय नाय."

मालिका रविवारी सकाळी लागायची. काळाचौकीत पोरं ते वाक्य म्हणत जिन्यांवरून उतरायची. शेजारच्या खोलीतली शेवंती रविवारी मासे विकून लवकर यायची, हात धुवायची आणि लहूच्या उंबऱ्यावर बसायची. कधी हसली नाही. शेवटचं वाक्य झालं की पदर झटकून उठायची.

"बोललो मेलो," एवढंच म्हणायची, बोलला एकदाचा मेला, असं नवऱ्याबद्दल म्हणावं तसं.

पहिलं वर्ष संपलं तशी वाहिनीनं मालिका रविवारवरून उचलली आणि मधल्या वारी दुपारी टाकली. का, ते कोणी सांगितलं नाही. मग वाहिनी विकली गेली. नवे मालक आले, नवे प्रायोजक आले, त्यातला मोठा प्रायोजक इमारती बांधणारा. गिरण्यांच्या जमिनीवर बांधणारा. आता सांगा, आपल्या पैशावर चाललेल्या कार्यक्रमात एक खेकडा दर आठवड्याला उठून "हलूचंय नाय" म्हणतोय, हे त्याला कसं सोसावं? त्यांनी मालिका बंद केली नाही. ती बरी चालली होती ना. जुनेच भाग परत लावले, आणि लहूचा आवाज पुसून वर दुसरा चिकटवला. माणसाचं घर काढून घ्यावं आणि दारावरची पाटी तेवढी ठेवावी, तसला प्रकार.

शेवंती पुढच्या भागापासून यायची बंद झाली. लहू बोलवायला गेला.

"वहिनी, येवा."

"तो आता बोलणा नाय," शेवंती म्हणाली. "मगे कित्याक येऊ?"

हे लहूच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी तो वाहिनीच्या ऑफिसात गेला. ते परळलाच होतं, गिरणीच्याच आवारात, काचेचं. बराच वेळ बसवून ठेवल्यावर सुनेत्रा नावाच्या बाई आल्या. वागायला चांगल्या होत्या, त्यानं तर तो अधिकच भडकला.

"काका, तुमचं काम छानच होतं," त्या म्हणाल्या. "पण ती भाषा मुलांना आता कळत नाही. आणि थोडं निगेटिव्ह वाटतं."

"खैचा?"

"ते शेवटचं वाक्य."

"त्या माझा न्हय," लहू म्हणाला. "त्या मेलेल्या माणसाचा आसा. तुमी माका विचारल्यात?"

बाईंनी पाणी मागवलं. लहूनं पाण्याला हात लावला नाही. जाताना तो दारात उभा राहून मोठमोठ्यानं अस्सल मालवणी शिव्या घालत होता आणि ऑफिसातली पोरं माना वर करून बघत होती. या वेळी आवाज चांगला फुटला होता.

महिनाभरानं हेरंब चाळीत आला. बसला, पण डोळे वर करेना. शेवटी म्हणाला, "काका, मालिका बंद करतायत. एक शेवटचा भाग नवीन हवाय. कुर्लेबुवा मुलांना टाटा करतो आणि तळं सोडून टॉवरमध्ये राहायला जातो."

"मगे?"

"आवाज त्यांनी भरून दिलाय. पण मी तोंड तुमचंच बघून काढत आलोय. तुमच्याशिवाय तो कुर्लेबुवा दिसत नाही. तुम्ही फक्त समोर बसून ती वाक्यं म्हणायची."

लहू जो उसळला तो उसळलाच. हेरंबच्या अख्ख्या खानदानाला त्यानं त्या दुपारी धारेवर धरलं. आवाज काढून घेतलात, आता तोंडही पाहिजे? ज्या तोंडानं रघू जगवला त्याच तोंडानं त्याला तळ्यातून बाहेर काढू? गॅलरीत माणसं जमली. हेरंबला ते पटत होतं. पण त्यालाही घर चालवायचं होतं. तो उठला. चपला घालत होता तेव्हा लहूनं एकदम त्याचा हात धरला.

"बस," तो म्हणाला. "काढ."

हेरंबनं मांडीवर कागद घेतला. लहूनं त्याला बरोबर आणलेली टेप लावायला सांगितली, ते गोड वाक्य दोनदा ऐकलं, किती लांब आहे ते मनात धरलं. मग भिंतीला टेकून बसला, हातांचे आकडे केले आणि तोंड उघडलं. आवाज काढला नाही. सावकाश, ओठ ताणून, एकेक अक्षर. हेरंब काढत गेला. मधेच त्याची पेन्सिल थांबली. टेपवरच्या वाक्याशी हे तोंड जुळत नव्हतं, एवढं त्याला कळलं. त्यानं लहूकडे पाहिलं. लहूनं त्याच्याकडे पाहिलं.

"परत एकदा म्हणा, काका," हेरंब म्हणाला. "नीट काढतो."

शेवटचा भाग लागायचा त्या दुपारी लहू शेवंतीच्या दारात गेला. ती नको म्हणत होती. "त्येका जाताना बघूचा नाय माका," ती म्हणाली. लहूनं ऐकलं नाही, जवळजवळ हाताला धरून आणली आणि उंबऱ्यावर बसवली. गॅलरीतले चारदोन जुने साचेवालेही आत आले. खेकडा तळ्याकाठी बोचकं बांधू लागला, तसं लहूनं उठून टीव्हीचा आवाज बंद केला.

"अवो, ऐकूक येणा नाय," गुणवंती म्हणाली.

"ऐकूचा नाय आसा," लहू म्हणाला.

घराघरांत त्या वेळी गोड आवाज म्हणत असणार, "टाटा मुलांनो, मी चाललो नव्या घरी, तिथे खूप मज्जा आहे." ऑफिसात सुनेत्राबाईंनीही तेच ऐकलं असणार, आणि त्या बिल्डरनंही. काळाचौकीच्या त्या खोलीत कुर्लेबुवानं बोचकं खाली ठेवलं, आकडे वर केले, थेट समोर पाहिलं आणि म्हणाला, "गो शेवंते, रडा नको. मी हयसून हलूचंय नाय. ह्येंच्या बापाक सांग."

म्हाताऱ्या साचेवाल्यांतला एक जण फसकन हसला आणि त्यानं शेवंतीकडे पाहिलं. पडद्यावर प्रायोजकाची टॉवरची जाहिरात सुरू झाली होती. शेवंती तिथेच बसून होती, नजर पडद्यावर. मग तिचे ओठ हलू लागले, तोंड ताणून, सावकाश, आवाज न काढता, पूर्वी नवऱ्याशी बोलायची तसे. बराच वेळ ती बोलत राहिली. लहूनं मान फिरवली, कारण त्याला ते वाचता येत होतं आणि ते त्याच्यासाठी नव्हतं.